दोन बोटांच्या मधलं

पोरीचा जन्म माझ्या माहेरी झाला, कराडच्या अलीकडे, नदीकाठच्या गावात. सुईणीने नाळ कापली, पोरीला पुसलं, आणि मग दाराच्या उजेडाला नेऊन तिचा उजवा हात बराच वेळ बघत बसली. आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही हातच बघत राहिली. मला वाटलं, सहावं बोट असेल. मी म्हटलं, दाखवा तरी.

मधलं बोट आणि मरंगळी, म्हणजे करंगळीच्या शेजारचं बोट, एकमेकांना चिकटलेली होती. पार मुळापासून नखांपर्यंत. नखं दोन होती, दाबून बघितलं तर हाडंही दोन लागत होती, पण वरून कातडं एकच होतं. बाकीची बोटं सुटी होती.

सुईण म्हणाली, "गिराणात काय क्येलं हुतंस गं?"

मी म्हटलं, "काय न्हाई."

पुढची पाच वर्षं हा प्रश्न मला गावोगावच्या बायकांनी विचारला आणि मी दर वेळी हेच उत्तर दिलं. ते खोटं होतं.

आमच्याकडे पोटुशी बाईने ग्रहणात काही करायचं नसतं. चिरायचं नाही, बाळाचा ओठ चिरतो. दुमडायचं नाही, हातपाय दुमडतात. शिवायचं नाही, चिकटवायचं नाही. अंधाऱ्या खोलीत बसून राहायचं. मला सातवा महिना होता तेव्हा असं एक सूर्यग्रहण आलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला जेवण लवकर उरकायला लावलं, माजघरात बसवलं, झरोक्याला पोतं लावलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर उंबऱ्याला पाठ लावून बसल्या. त्या दिवशी आभाळ इतकं दाटलेलं होतं की गावात ग्रहण कुणालाच दिसलं नाही. पण पाळायचं ते पाळलं.

लग्न होऊन आटपाडीकडच्या या कोरड्या मुलखात आल्यापासून मला कुणी रिकामी बसवलं अशी ती पहिलीच वेळ. भिंतीला टेकल्यावर पाठीत काय दुखतंय ते नीट कळायला लागलं. पाय सुजलेले होते. आत्याबाई म्हणत होत्या, पेरणी उरकू दे, मग नवव्यात माहेरी जा. मला तोवर निभेल असं वाटत नव्हतं. पण हे त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मला कुणालाच काही सांगता येत नाही. लहानपणापासूनचं आहे ते.

घरचे, म्हणजे माझे यजमान, फौजेत होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, चौथी झालेली. आत्याबाई सांगायच्या आणि मी लिहायची. म्हैस व्याली, विहिरीला पाणी किती आहे, चुलत्याने बांध कसा कोरला. शेवटी "सौ.चा नमस्कार" एवढंच माझं. त्यांचं पत्र आलं की मीच ते मोठ्याने वाचून दाखवायची. आमच्या दोघांत एकही शब्द असा गेला नव्हता जो आत्याबाईंच्या कानावरून गेला नाही.

त्या माजघरात, धान्याच्या कणगीमागे, मी एक निळं अंतर्देशीय पत्र लपवून ठेवलं होतं. पोत्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मी दोन ओळी लिहिल्या. "मला लवकर माहेरी पाठवायला आईंना सांगा. मी दमले आहे." एवढंच. बाकी सगळा कागद कोराच राहिला. मग मी तो घड्या घालून दुमडला, कडेचा डिंक जिभेने ओला केला आणि सुटू नये म्हणून दोन बोटांनी दाबून धरला. बराच वेळ धरला. ग्रहण सुटायला अजून अवकाश होता आणि मला दुसरं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना शाळेच्या भिंतीवरच्या पेटीत टाकला. वीस-बावीस दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं, "तिला आता माहेरी पाठवावे, उगीच नवव्या महिन्यापर्यंत थांबू नये." वाचताना माझे कान तापले. आत्याबाईंना काहीच कळलं नाही. त्या उलट खूश झाल्या. सगळ्या आळीला सांगून आल्या, "बंदूक खांद्यावर आसून बी माझ्या लेकाला आपणहून सुचलं बगा. म्या असं पोर घडीवलंया."

पोरीची बोटं बघितली तेव्हा मला ते दाबून धरलेलं पत्रच आठवलं. तीच दोन बोटं होती का माझी, मधलं आणि मरंगळी? की अंगठा आणि पहिलं? मी पुष्कळदा आठवून बघितलं, पण बोटं नक्की आठवत नव्हती. दाबल्याचं आठवत होतं.

पोरगी मोठी झाली तशी त्या हाताने भाकरी मोडायला शिकली, गोट्या धरायला शिकली. तिला त्याचं काही नव्हतं. शेजारची म्हातारी तिचा हात धरून म्हणायची, "ही दोगं नवरा-बायकू हायत, व्हय गं? तुझ्या आई-बापापरास बरी जोडी, एका जागी तरी ऱ्हात्यात." सगळ्या हसायच्या, मीही हसायची. तेल लावताना मात्र मी रोज त्या दोन बोटांच्या मधल्या खाचेत अंगठा घालून बघायची, कुठे जरा सुटतंय का. मऊ, गरम कातडं होतं. सुटत नव्हतं.

शाळेत घालायच्या आदल्या वर्षी पाटीवर पेन्सिल धरायला लागली तेव्हा मधलं बोट मरंगळीच्या ओढीने वाकडं व्हायला लागलं होतं. घरचे सुट्टीवर आले आणि फौजेतल्या डॉक्टरला विचारून आलो म्हणाले, कापून सुटी करतात, मिरजेला नेऊन दाखवा. आत्याबाई म्हणाल्या, "देवानं जोडल्यालं कापायचं? आन् जिनं क्येलंय तिनं सांगितल्याबिगार ते सुटायचं बी न्हाई." माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या. तरी मला भाकरी थापता येईना.

शेवटी त्यांची सुट्टी संपली आणि मिरजेला आम्ही तिघीच गेलो. मी, पोरगी आणि आत्याबाई. नको नको म्हणत होत्या त्याच आधी एसटीत चढून बसल्या, मांडीवर पिठाचा डबा घेऊन.

डॉक्टरीण पन्नाशीची होती, केस बारीक, आवाज थकलेला. दिवसभर हात आणि पाय बघून थकलेली असणार. तिने विचारलं, पोटात असताना काही औषध घेतलं होतं का, ताप आला होता का. मी नाही म्हणून मान हलवली. आत्याबाई पुढे होऊन म्हणाल्या, "गिराण बी पाळलंया बाईसाब. म्या सोता उंबऱ्यावर बसले हुते. हलू दिली न्हाई हिला." असं सांगताना त्यांची मान ताठ होती. मी फरशीकडे बघत राहिले.

ऑपरेशन झालं. वाकडीतिकडी चीर घेऊन बोटं वेगळी केली आणि मधल्या उघड्या जागेवर पोरीच्याच जांघेतलं कातडं घेऊन लावलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. आम्ही दवाखान्याच्या आवारातल्या खोल्यांत राहिलो, स्टोव्हवर पिठलं-भात करून. पोरगी प्लॅस्टरने माशा मारायची आणि विचारायची, "माझं मधलं कुटं गेलं? टाकून दिलं?" आत्याबाई म्हणायच्या, "मांजरानं न्हेलं." मग ती रडायची आणि मग आत्याबाईच तिला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरवायच्या.

बाराव्या दिवशी पट्टी सोडली. बोटं दोन झाली होती. पण मरंगळीच्या आतल्या अंगाला लावलेलं कातडं एका कडेने काळं पडलं होतं, वाळलेल्या खोबऱ्याच्या सालीसारखं, आणि त्याला वास येत होता. डॉक्टरीण म्हणाली, "थोडं धरलं नाही. दोन-तीन दिवस बघू."

आत्याबाई पाणी भरायला गेल्या होत्या. मला वाटलं, हे आता सगळंच काळं पडणार, आणि ते माझ्यामुळे. त्या म्हणाल्या होत्या ना, सांगितल्याशिवाय सुटायचं नाही. पोरगी नर्सच्या हातातल्या कात्रीशी खेळत होती. मी डॉक्टरणीच्या मागे मागे दारापर्यंत गेले आणि बोलले. मला अजून आश्चर्य वाटतं. ग्रहण, पत्र, डिंक, दोन बोटं, सगळं एका दमात.

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि मलाही बसायला लावलं. म्हणाली, "ग्रहणात कितवा महिना होता?"

"सातवा."

"मग बाई, बोटं त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती. हे बघ." तिने एका कागदाच्या मागे चित्र काढलं. "पोटात हात पहिल्यांदा फुटतो ना, तेव्हा त्याला बोटं नसतात. असा सपाट असतो."

"उलथन्यागत," मी म्हटलं.

"अगदी उलथन्यागत. बोटं त्याला बाहेरून फुटत नाहीत. आत हाडाच्या पाच रेषा तयार होतात आणि त्यांच्या मधलं जे मांस आहे ते मरून जातं. म्हणून बोटं सुटी होतात. तुझी, माझी, सगळ्यांची तशीच झाली."

मी विचारलं, मरतं म्हणजे? हे काळं पडलं तसं?

ती म्हणाली, नाही, तसं नाही, आणि तिला हे सांगताना जरा बरं वाटतंय असं मला दिसलं. आपलं शरीर बारीक बारीक कणांचं असतं, त्यांना पेशी म्हणतात, प्रत्येक जिवंत. हे लावलेलं कातडं काळं झालं ते रक्त न मिळाल्यामुळे. अशा पेशी उपाशी मरतात, फुगतात, फुटतात, म्हणून लाली येते, वास येतो. पोटातल्या बोटांच्या मधल्या पेशींचं तसं नसतं. त्यांना आजूबाजूच्या पेशींकडून सांगावा येतो, की आता तू थांब. त्या चांगल्या धडधाकट असतात. मरायची तयारी प्रत्येकीच्या आत आधीपासून करून ठेवलेली असते. सांगावा आला की त्या आवळून लहान होतात, स्वतःचे बारीक तुकडे करतात, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. सूज नाही, डाग नाही, मागे काही राहत नाही. कोंबडीच्या पायाची बोटं सुटी असतात कारण तिला हा सांगावा येतो. बदकाच्या पायाला पडदा असतो कारण तिथल्या बहुतेक पेशींना तो येतच नाही.

"माझ्या पोरीला का आला न्हाई?"

"कुणाला माहीत नाही. सांगावा नेमका कोण देतं तेच अजून नीट कळलेलं नाही. कधी कुळात असतं, कधी नसतं. दुसरा महिना सरता सरता हे सगळं होऊन जातं. पुष्कळ बायकांना तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हेही ठाऊक नसतं. तू पत्र चिकटवलंस तेव्हा पोरीची बोटं चार-पाच महिन्यांची जुनी होती. कुणाचा दोष नाही यात. तुझा तर नाहीच."

मी खोलीवर आले आणि बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. बरोबर होतं. मग मी बसूनच राहिले. मोकळं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण पाच वर्षं ओझं उचललेल्याला ते उतरवल्यावर सरळ उभं राहता येत नाही तसं झालं. मला आणखी एक वाटलं, ते लिहायला विचित्र वाटतं. त्या मधल्या कातड्याची दया आली. त्याला कुणी सांगितलंच नाही. ते आपलं राहिलं, मी रोज तेल लावत गेले, आणि शेवटी सुरीने जावं लागलं.

आत्याबाईंनी विचारलं, "डाक्टरीण काय सांगत हुती येवढा येळ?"

पत्राचं सोडून मी सगळं सांगितलं. उलथन्याचं, मरणाऱ्या मांसाचं, सांगाव्याचं.

"मरून बोटं हुत्यात? मेल्यालं कसं काय करंल?" त्या म्हणाल्या. मग काही वेळाने, "कवा हुतं म्हनं ह्ये?"

"दुसऱ्या म्हैन्यात."

त्यांनी भातात घातलेला हात तसाच ठेवला. मी बघत होते आणि मला कळायच्या आत त्यांना कळलं होतं. पोरीचा दुसरा महिना म्हणजे दुष्काळाचे दिवस. प्रत्येक घरातून कुणी ना कुणी खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जात होतं आणि आमच्या घरातून मी जात होते. उन्हात बसून हातोडीने दगड फोडायचे, दुपारी कामावर वाटलेली सुकडी खायची. मला उमासे यायचे. आत्याबाई म्हणायच्या, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी बाधतीया तुला.

"मला ठावं हुतं," त्या आता म्हणाल्या. "उमासं कसले त्ये मला कळत न्हाई व्हय? चार बाळंतपणं झाल्याली बाई म्या. पण घरातनं एकीनं तरी जायाला पायजे हुतं. माझं गुडघं चालत न्हवतं."

"आत्याबाई, त्यानं काय हुत न्हाई. डाक्टरीण म्हनली, कुणाचा दोष न्हाई."

"तिला काय ठावं? तिनं खडी फोडलीया?"

त्यांनी ताट सारलं. त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही चहावरच राहिल्या. पोरीला घेऊन व्हरांड्यात बसायच्या, पण तिच्या हाताकडे बघायच्या नाहीत. मी दोनदा समजावलं. डॉक्टरणीनेही, मी सांगितल्यावर, येता येता सांगितलं, आजी, खडीने असं होत नाही. त्या "व्हय व्हय" म्हणाल्या आणि ती गेल्यावर मला म्हणाल्या, "मोटी बाई हाय. मन राखाय म्हनली." दोन दिवसांत त्यांचं तोंड उतरलं. मला ते तोंड ओळखीचं होतं. पाच वर्षं आरशात बघितलेलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरणीने चिमट्याने ते काळं कातडं हलकेच उचललं. त्याच्या खाली गुलाबी, ओलसर, जिवंत कातडं होतं. ती म्हणाली, धरलंय, मरंगळी थोडी वाकडी राहील, लिहिता येईल, चार दिवसांनी घरी जा. पोरगी दोन्ही बोटं वेगवेगळी हलवून बघत होती आणि खिदळत होती. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझ्या पापानं लेकराचं कातडं सोलावं लागलं."

मी दमले होते. खरं तर त्यामुळेच ते तोंडातून निघालं असावं. म्हटलं, "तुमचं न्हाई आत्याबाई. माझं हाय. म्या गिराणात पत्र चिकटावलं हुतं."

त्यांनी वळून बघितलं. "कसलं पत्र?"

"त्यास्नी धाडल्यालं. तुमी उंबऱ्यावर बसला हुता तवा. घड्या घातल्या, थुकी लावली आन् दोन बोटांनी दाबून धरलं."

"म्या दारात बसल्याली आसून?"

"व्हय."

"काय लिवलं हुतंस?"

"मला लवकर म्हायेरी धाडा म्हनून."

सातव्या महिन्याचं आणि दुसऱ्या महिन्याचं गणित त्यांनी केलं नाही. करतील अशी मला भीती होती. पण त्यांच्या कपाळाची शीर उठली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग आवाज इतका चढला की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली. "रांडंच्ये! म्या पाच वरसं जगाला सांगत फिरले, माझी सून हाल्ली न्हाई म्हनून! आन् म्हंजी त्याला... म्हंजी माझ्या लेकाला आपणहून सुचलं न्हवतं?"

"न्हाई."

"तू लिवलंस म्हनून त्यानं लिवलं?"

"व्हय."

"आन् मला वाचून बी तूच दावलंस!"

हे त्यांना बोटांपेक्षाही जास्त लागलं असं मला वाटतं. त्या खूप बोलल्या. बोलता बोलता स्टोव्ह पेटवला, बोलत बोलत पीठ मळलं, आणि दोन भाकरी आणि ठेचा बसून खाल्ला. खाताना मधेच थांबून म्हणायच्या, "थुकी लावून!" मी पोरीला भरवत होते. मला त्या बोलण्याचं काही वाटलं नाही. पाऊस पडतो तसं ते पडत होतं, आणि त्या जेवत होत्या.

घरी जाताना मिरजेपासून सांगलीच्या स्टँडपर्यंत आणि तिथून गावापर्यंत त्या बोलत होत्या. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं. गावात तर सगळ्यांनाच. आता शेजारची म्हातारी मला बघून म्हणते, "काय गं पोस्टमास्तरीण." डॉक्टरणीने काढलेलं चित्र माझ्या पेटीत आहे. मी ते कुणाला दाखवत नाही. दाखवलं तर महिने मोजावे लागतील, आणि मग ते पुन्हा खडीपर्यंत जाईल.

पोरगी या वर्षी पहिलीत गेली. तिच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती त्यांवर मी हे लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात आत्याबाईंनी मला पत्र लिहायला बसवलं. म्हैस, विहीर, बांध. सगळं सांगून झाल्यावर त्या गुडघे धरून उठल्या आणि म्हणाल्या, "तुझं बी काय आसंल तर लिव. म्या बाहीर बसते." आणि खरंच जाऊन बसल्या, त्याच उंबऱ्यावर, पाठ माझ्याकडे करून.

मी पेन घेऊन बराच वेळ बसले. दमले आहे हे तर एकदा लिहून झालं होतं. शेवटी लिहिलं, पोरीची बोटं चांगली सुटी झाली, मरंगळी जरा वाकडी आहे, पण अक्षर येतं. मग घड्या घातल्या, कडेला जीभ लावली, आणि बाहेर जाऊन आत्याबाईंच्या शेजारी बसून, त्यांच्या देखत, ते दाबून धरलं.